२५ डिसेंबरचा गोकाक: फसलेल्या शेवटच्या दिवसाचं एक प्रकरण

सगळा घोळ झाला तो माझ्या मोबाइलमधल्या ४० सेकंदांच्या एका व्हिडिओमुळे. व्हिडिओ जुलैतला. घटप्रभा नदी गोकाकच्या कड्यावरून कोसळतेय, पाणी घट्ट चहाच्या रंगाचं, तुषारांनी कॅमेऱ्याची काच ओली, आणि मागून आमच्या गल्लीतला कुणीतरी ओरडतोय, "मागं सर की, मागं सर!" ऑक्टोबरात तो मी घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "नाताळात या, गोकाक दाखवतो."

जुलैचा व्हिडिओ आणि नाताळचं आमंत्रण. दोन्ही एकाखाली एक. ग्रुपवर सतरा माणसं आहेत, त्यांतले दोघे इंजिनियर. एकालाही त्यात काही खटकलं नाही. मला खटकायला हवं होतं, कारण माझा जन्म बेळगावचा आणि वय ५२.

पाहुणे गेल्यावर बायको म्हणाली, "आता हे नीट लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला असंच नेणार नाही." म्हणून हे लिहितोय. आमच्याकडे दरवर्षी कुणी ना कुणी येतंच. बेळगावला नातेवाईक असले की पुण्या-मुंबईच्या लोकांना ते गोव्याच्या वाटेवरचं विश्रामगृह वाटतं. तक्रार नाही, नुसतं सांगतोय.

कोण, कधी, किती

चिंचवडहून पाच जण आले होते. माझी मावशी, वय ७३, दोन्ही गुडघ्यांची कुरकुर. तिचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याची बायको. मुलगी नववीत, मुलगा तिसरीत. आम्ही नवरा-बायको धरून सात. त्यांची सात जणांची गाडी होती, त्यामुळे सगळे एकत्र. चार दिवसांची सहल, चौथ्या दिवशी नाताळ. त्याच दिवशी त्यांना परस्पर पुण्याला निघायचं होतं, कारण दुसऱ्या दिवशी ऑफिस.

मावशीचं माहेर बेळगावातलंच, शहापूरचं, म्हणजे माझं आजोळ. लग्न होऊन ती गेली ती कायमचीच. येणं-जाणं होतं, पण ते बारशाला, लग्नाला, दहाव्या-बाराव्याला. बेळगाव बघायला म्हणून ती पन्नास वर्षांत पहिल्यांदाच आली होती. प्रकरणातला हा भाग मला फार उशिरा कळला.

पहिले तीन दिवस

हे भरभर सांगतो, कारण ते चांगले गेले आणि चांगल्या गेलेल्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं थोडंच असतं.

पहिल्या दिवशी किल्ला. आत कमल बस्ती, १२०४ सालची, रट्टांच्या राजवटीतली. छतातलं दगडी कमळ बघायला मान वर करून सगळे उभे. मग कॅम्पात फिरणं, कुंदा, घरी पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी खानापूर तालुका: हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ आणि पुढे देगावचं कमलनारायण. कदंबांच्या काळातली ही जागा, एके काळी राजधानी. आज देवळाच्या आवारात आम्ही सात जण आणि एक शेळी. बायकोने डब्यात दिलेली भाकरी आणि झुणका झाडाखाली बसून खाल्ला. नववीतली मुलगी दोन तास मोबाइल न बघता बसली होती, हे तिच्या आईने मला हळूच दाखवलं.

तिसऱ्या दिवशी कित्तूर. पडका वाडा, राणी चन्नम्मा, १८२४ ची लढाई. त्या लढाईत धारवाडचा इंग्रज कलेक्टर मारला गेला, त्याचं नाव थॅकरे. हे ऐकून तिसरीतला पोरगा जो सुटला तो बैलहोंगलला राणीच्या समाधीपाशी पोचेपर्यंत थांबला नाही. "म्हणजे आपले ठाकरे?" "नाही रे." "मग नाव कसं सेम?" त्याच्या बापाने शेवटी गाणी लावली.

आता हे तिन्ही दिवस पुन्हा बघा. हलशीला दाखवण्यासारखं काय होतं? दोन देवळं. कित्तूरला पडक्या भिंती. कुणी नाक मुरडलं नाही, कारण कुणाला काही कबूल केलेलं नव्हतं. "चला, एक जुनं देऊळ आहे," एवढंच मी म्हटलं होतं. गोकाकबद्दल मात्र ऑक्टोबरपासून रोज काहीतरी चाललं होतं. 'छोटा नायगारा' हे शब्द ग्रुपवर मीच लिहिले होते. कुणी जोगशी तुलना केली तर मी म्हणालो होतो, जोग उंच खरा, गोकाकची उंची ५२ मीटरच, पण रुंदी बघा, घोड्याच्या नालेसारखा वळलेला कडा बघा. सगळं खरं. फक्त पाण्याबद्दल मी काहीच लिहिलं नव्हतं, कारण धबधब्याला पाणी असतं हे मी धरूनच चाललो होतो.

गोकाक शेवटी का

याची तीन कारणं झाली, आणि तिन्ही वेगवेगळ्या माणसांची.

मावसभावाचं कारण नकाशाचं. बेळगावहून गोकाक साठेक किलोमीटर. तिथून घटप्रभा गाव, हुक्केरी करत संकेश्वरला हायवेवर लागता येतं. "म्हणजे वाटेतच आहे दादा!" बोटाने नकाशा ओढला की सगळं वाटेतच असतं. प्रत्यक्षात बेळगावहून सरळ हायवेने तासाभरात संकेश्वर येतं, आणि आमच्या वाटेने आम्हाला जेवण धरून सहा तास लागले.

माझं कारण दाखवण्याचं. सगळ्यात भारी ते शेवटी. जेवणात गोड शेवटी वाढतात तसं. (आमच्याकडे खरं तर गोड आधी वाढतात. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.)

तिसरं कारण मावशीचं, आणि तिने ते कारण म्हणून सांगितलंच नव्हतं. ती एवढंच म्हणाली होती, "शाळेतून एकदा नेलं होतं बाईंनी. शेवटच्या दिवशी ठेव बाबा, मग मी गाडीतच झोपीन पुण्यापर्यंत." साठ-बासष्ट वर्षांपूर्वीची सहल. बाईंनी सगळ्या मुलींना एक दोर धरून उभं केलं होतं आणि तुषारांनी पोलकी भिजली होती, एवढं तिच्या लक्षात होतं. महिना कोणता, ते नाही.

प्रत्यक्ष

साडेसातला निघायचं होतं, निघालो पावणेनऊला. यात नवल काही नाही. सामान भरणं, कुंद्याचे डबे वर ठेवायचे की खाली, मावशीच्या गोळ्या, बायकोने ऐन वेळी बांधून दिलेले मेतकूट-लोणचं. निघताना आम्ही दोघं मागच्या सीटवर, गोकाकहून एसटीने परतणार.

अंकलगीच्या रस्त्याला लागलो आणि पुढे उसाचे ट्रॅक्टर. डिसेंबर म्हणजे गळिताचा भर. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी झुकलेला, टेपवर कन्नड गाणी, वेग पंधरा-वीसचा. एकाला ओलांडावं तर वळणावर दुसरा. मावसभाऊ आधी हसत होता, मग गप्प झाला, मग हॉर्नवर हात ठेवून बोलायला लागला. मीही त्याला साथ दिली. त्या ट्रॅक्टरवाल्यांना आम्ही तासभर जे काही म्हटलं ते इथे लिहीत नाही. पण त्या ट्रॉल्या लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत यायचंय.

अकराच्या सुमारास पोचलो. गाड्या बऱ्याच होत्या, त्यामुळे माझा धीर वाढला. माणसं आलीत म्हणजे काहीतरी असणारच. सगळ्यात आधी पोरगा पळाला. कठड्याशी जाऊन उभा राहिला, खाली बघितलं, मग वळून आमच्याकडे. चेहऱ्यावर नाराजी नव्हती. आपण चुकीच्या ठिकाणी उभे आहोत असं त्याला वाटलं होतं.

"काका, धबधबा कुठल्या बाजूला आहे?"

समोर कडा होता. नालेसारखा वळलेला, अगदी मी सांगितला तसा. वालुकाश्माचा, तपकिरी, ठिकठिकाणी काळे ओघळ, जिथून पाणी उतरतं तिथले डाग. एका कोपऱ्यातून बारीक धार येत होती, आमच्या गच्चीवरची टाकी भरून वाहिली की पन्हळीतून पडते तेवढी. खाली डबक्यांत हिरवं पाणी. वर नदीच्या कोरड्या पात्रात कॉलेजची पोरं उड्या मारत फोटो काढत होती. पाच-सहा माकडं. झुलता पूल जागच्या जागी, पलीकडच्या काठाला जुनी देवळं, खाली गिरणीचं वीजघर. गोकाकमधलं सगळं होतं, फक्त ज्यासाठी गोकाकला जातात ते नव्हतं.

मावशीला आम्ही हाताला धरून कठड्यापर्यंत आणलं. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "पाणी कुठं गेलं की रे सगळं?"

आमच्याकडचा हा 'की' तिच्या बोलण्यातून पुण्याने पन्नास वर्षांत घालवला होता. त्या एका वाक्यापुरता तो परत आला.

आता माझं वागणं. प्रकरण अभ्यासायचं तर हे लपवून चालणार नाही. आधी मी म्हणालो, "अरे, यंदा कमीच दिसतंय." मग म्हणालो, "सोडतात कधी कधी." हे कुठून आलं मलाच माहीत नाही. मग मोबाइल काढून जुलैचा तोच व्हिडिओ सगळ्यांना दाखवायला लागलो, बघा, हे असं असतं. नववीतल्या मुलीने तो बघितला, मग कड्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हा आम्ही घरी बघितलाय." शेवटी मी धरणाबद्दल सांगायला लागलो. हिडकल कधी झालं, कालवा कुठून निघतो. भावजय थंडपणे म्हणाली, "दादा, पाच तास गाडी चालवायचीय ह्यांना अजून." ती बरोबर होती. माणूस रागात असताना त्याला टीएमसीचे आकडे ऐकवू नयेत.

नंतर भांडण झालं, पण आमच्याशी नाही, त्या दोघांचं आपापसांत. सरळ हायवेने गेलो असतो तर आत्ता कोल्हापूर ओलांडलं असतं, वगैरे. ते मोठं नव्हतं. पण तीन दिवसांत एकदाही झालं नव्हतं.

आणि मग, अशा वेळी हमखास होते ती दुसरी चूक होता होता राहिली. मावसभावाने फोनवर शोधलं: जवळच आणखी एक धबधबा, गोडचिनमलकी. "इथवर आलोच आहोत तर..." ज्याच्यासाठी आलो ते मिळालं नाही, म्हणून तसंच दुसरं गाठायचं. मीही हो म्हणणार होतो, कारण मला भरपाई करायची होती. चहाच्या गाड्यावरचा म्हातारा आमचं मराठी ऐकत होता. त्याने न विचारता हात हलवला. "अल्लीनू नीर इल्लरी." तिथंही पाणी नाही. तो मार्कंडेय नदीचा धबधबा, आणि तोही पावसाळीच. मग हसून म्हणाला, "मळि बंदाग बर्री." पाऊस आला की या.

त्या माणसाने आमचा दीड तास वाचवला. मी त्याचा नंबर मागून घेतला. त्याने कारण विचारलं नाही.

पाणी कुठं गेलं

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे नीट देता आलं नाही, म्हणून इथे देतो.

घटप्रभेचा उगम सह्याद्रीत, महाराष्ट्राच्या हद्दीत. उडी मारते कर्नाटकात, पुढे कृष्णेला मिळते. सीमेवरून एवढं रण माजलं, पण नदीला कुणी विचारलं नाही. पावसाळ्यात ती दांडगी असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिने गोकाक गावात पाणी शिरवून घरंदारं बुडवली होती. म्हणजे नदी बारीक आहे असं नव्हे. पावसाचे चार महिने सरले की तिचं पाणी कड्यापर्यंत पोचूच दिलं जात नाही, एवढंच.

धबधब्याच्या थोडं वर धुपदाळला बंधारा आहे. इंग्रजांच्या काळातला, १८९७ साली पूर्ण झालेला. तिथून डावा कालवा निघतो. त्याच्या वर हुक्केरी तालुक्यात हिडकलचं धरण, राजा लखमगौडा यांच्या नावाचं. साठवण ५१ टीएमसी, म्हणजे ५१ अब्ज घनफूट. उजवा कालवा त्या धरणावरून. दोन्ही मिळून बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांतली सुमारे ३ लाख हेक्टर जमीन भिजते. पावसाळ्यात धरण भरतं, बंधाऱ्यावरून पाणी उसळून जातं आणि ते जास्तीचं पाणी कड्यावरून पडतं. त्यालाच आपण गोकाकचा धबधबा म्हणतो. शेतांना देऊन उरलं ते धबधब्याचं. डिसेंबरात काही उरत नाही.

आता त्या ट्रॉल्या. सकाळी ज्यांना आम्ही तासभर शिव्या घातल्या, त्यांत धबधबाच भरलेला होता. सगळाच ऊस या कालव्यांचा नव्हे, विहिरींचा असेल, मार्कंडेयचा असेल. पण घटप्रभेच्या पट्ट्यातली कांडी कापली तर आत जुलैतलंच पाणी निघणार. आम्ही धबधब्याला ओव्हरटेक करत धबधबा बघायला चाललो होतो.

आणि हे कालचं नाही. कड्याजवळची सूतगिरणी १८८७ साली या पाण्याच्या जोरावर सुरू झाली. नळांतून वरचं पाणी खाली वीजघरात उतरवायचं आणि त्यावर यंत्रं फिरवायची. भारतातली पहिली जलविद्युत इथली असं कुठे वाचायला मिळतं, कुठे दार्जिलिंगजवळच्या सिद्रापोंगची, १८९७ ची. त्या वादात मी पडत नाही. मुद्दा असा, की सव्वाशेहून जास्त वर्षं या कड्यावरच्या पाण्याला दुसरी कामं लागलेली आहेत. बघण्यासाठी वाहणं हे त्याचं काम कधीच नव्हतं. मावशीच्या शाळेच्या सहलीच्या वेळी हिडकल पूर्ण झालं नव्हतं, ते १९७७ चं. पण धुपदाळ होतं. त्यामुळे तिची सहल पावसाच्या आसपासच झाली असणार असं मला वाटतं. मात्र हे मी तिला सांगितलं नाही. तिच्या आठवणीला महिना चिकटवून मला काय मिळणार?

मला हे माहीत नव्हतं का?

इथे मी अडतो, आणि हाच खरा अभ्यासाचा विषय आहे असं मला वाटतं. धुपदाळ माहीत होतं. हिडकल माहीत होतं, शाळेत पाठ केलेलं. कालवे माहीत होते. डिसेंबरात गोकाकला पाणी नसतं, हे या सगळ्यावरून पाच मिनिटांत निघतं. ते मी कधी काढलंच नाही.

घरी परतल्यावर मी मोजलं. आयुष्यात मी गोकाकला नऊ की दहा वेळा गेलोय, आणि प्रत्येक वेळी जुलै ते सप्टेंबर. बेळगावचा माणूस पावसातच गोकाकला जातो. 'गोकाकला पाणी आलंय' अशी बातमी पसरली की रविवारी मोटारसायकली निघतात. बाकी आठ महिने आम्ही तिकडे फिरकत नाही, त्यामुळे कोरडा गोकाक आम्ही कधी बघितलेलाच नसतो. आमच्या डोक्यात तो बारमाही. गावचा माणूस म्हणून पाहुणे आम्हाला विचारतात, आम्हीही छाती पुढे काढून सांगतो, आणि आमची माहिती चारच महिन्यांची असते. चिंचवडचा एखादा अनोळखी माणूस चुकून मागच्या जानेवारीत तिथे जाऊन आला असता, तर त्याचा सल्ला माझ्यापेक्षा खरा निघाला असता.

मावसभावाने मला विचारलं होतं, "गोकाक चांगलं आहे का?" मी म्हटलं, "एक नंबर." त्याने "तू शेवटचा कधी गेला होतास?" असं विचारलं असतं तर जुलै माझ्या तोंडून आपोआप निघाला असता, आणि बहुधा मीच थबकलो असतो. पण घरच्या माणसाला अशी उलटतपासणी कोण करतं? आणि केली असती तर मला राग आला असता, हेही खरं.

शेवटच्या दिवसाचंही तसंच. हाच कोरडा कडा दुसऱ्या दिवशी दाखवला असता तर संध्याकाळपर्यंत त्याचा विनोद झाला असता. "काकांचा धबधबा" म्हणून पोरांनी मला तीन दिवस चिडवलं असतं आणि हलशीने भरपाई केली असती. शेवटच्या दिवसाच्या मागे दुसरा दिवस नसतो. त्यातून माणसं दमलेली, सामान बांधलेलं, चालवणाऱ्याच्या डोक्यात पुण्याचा रस्ता. अशा दिवशी जे फसत नाही ते ठेवायचं: दुकानातून कुंदा घेणं, नेहमीच्या ठिकाणी जेवण, एखादं ओळखीचं देऊळ. बायको हे पहिल्या दिवसापासून म्हणत होती, "शेवटी कपिलेश्वराला जाऊन सरळ हायवेला लागू द्या त्यांना." प्रकरणात ही नोंद तिने मुद्दाम घालायला लावली आहे.

तिथून पुढे

थोडं सावरलं ते जेवणाने. गोकाक गावात आत एक साधी खानावळ होती. जोंधळ्याची पातळ कडक रोट्टी, भरली वांगी, शेंगाची चटणी, वरून दह्याचा गोळा. मावशीने दोन रोट्ट्या खाल्ल्या आणि वाढणाऱ्या बाईशी कन्नडमध्ये बोलायला लागली. मोडकं, पण चालू. तिला कन्नड येतं हे नातवंडांना माहीतच नव्हतं. पोरगा आ वासून आजीकडे बघत होता. मग करदंट घेतलं, दोन किलो. कन्नडमध्ये त्याचा अर्थ तळलेला डिंक. गूळ, सुकामेवा आणि डिंकाची ती चिवट वडी. भावजय तिथे पहिल्यांदा हसली, कारण तिसरीतल्या पोराचे दात चिकटले आणि थॅकरेवरचे प्रश्न पाच मिनिटं बंद झाले.

आम्ही दोघं गोकाकहून परत फिरणार होतो, पण मावसभाऊ म्हणाला, घटप्रभेला सोडतो, तिथून रेल्वेने जा. त्यामुळे धुपदाळवरून जाणं झालं. मी काही बोललो नाही, पण गाडी आपोआप हळू झाली. बंधाऱ्यामागे पाणी पसरलेलं होतं. सकाळपासून जे शोधत होतो ते इथे गुपचूप उभं होतं. हा भाग १९७४ पासून पक्षी अभयारण्य आहे, थंडीत लांबून क्रौंच येतात. आम्हाला दूर पलीकडे राखी ठिपके दिसले. क्रौंच होते की बगळे, मला सांगता येणार नाही. दुर्बीण नव्हती आणि उतरायला कुणी तयार नव्हतं. मी सकाळी काय शिकलो होतो ते लक्षात ठेवून त्यांना काहीच कबूल केलं नाही. म्हटलं, "पाणी आहे." मावशी खिडकीतून बघत म्हणाली, "हं."

साडेनऊला ते चिंचवडला पोचले. फोन आला, "पोचलो. चांगली झाली ट्रिप." 'चांगली'वर किंचित जोर होता. ग्रुपवर त्यांनी टाकलेल्या फोटोंत किल्ला अकरा, हलशी तेवीस, कित्तूर नऊ. गोकाकचा एक, त्यात माकड.

चहावाल्याचा नंबर मी 'गोकाक नीर' या नावाने सेव्ह केला होता. पुढच्या जुलैत दोन आठवडे पाऊस धरून होता तेव्हा त्याला फोन लावला. त्याने मला ओळखलं नसणार, पण उत्तर लगेच दिलं: "नीर बंदैतरी, बर्री."

रविवारी बायकोला घेऊन गेलो. एक किलोमीटर अलीकडे गाडी लावावी लागली, इतकी गर्दी. आवाज आधी आला, मग तुषार, मग कडा, आणि तोच तो चहाचा रंग. मावशीला व्हिडिओ कॉल लावला. तिने फोन नाकाशी धरलेला असतो, त्यामुळे मला तिचं कपाळ दिसत होतं.

"काही ऐकू येत नाही रे."

मी ओरडून सांगायला लागलो की हे बघ, उजवीकडे बघ, हा सगळा कडा तेव्हा कोरडा होता.

"तू नको बोलूस," ती म्हणाली. "फोन तसाच धर."

धरला. बायको माझ्या हातावर छत्री धरून उभी होती, फोन भिजू नये म्हणून. आम्ही दोघं भिजत होतो.